चार बाटल्या आणि दुपारची भट्टी

३ तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाई, वही तुम्ही मागितलीत म्हणून पहिलं तुम्हालाच सांगते. तुमचा चष्मा माझ्या पिशवीत आलाय. मला चार बाटल्या दिल्यात, "आजी, विसरू नका हं" असं तीनदा बजावलंत, आणि चौथ्या बाटलीबरोबर स्वतःचे डोळेच बांधून दिलेत. उद्या नात आणून देईल. तोवर लोकांच्या नाकात जपून बघा.

ही वही लिहितेय तीच नात. मला अक्षर येत नाही. ती कॉलेजात जाते आणि मी काही सांगितलं की आधी माझं वाक्य दुरुस्त करते, म्हणून घरात तिला मास्तरीण म्हणतात. तिला ताकीद दिलीय की मी बोलेन तसं लिहायचं आणि घरात कुणाला दाखवायचं नाही. बाटल्यांचं तेवढं डॉक्टरीणबाईंनी वाचावं. बाकीचं माझं आहे.

तर बाटल्यांचं असं. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एकेक बाटली नाकाशी धरून वीसपर्यंत मोजायचं आणि तो वास मनात आठवायचा. मोजलं. आठवलं. चारही बाटल्यांत पाणी.

आता माझं. घरी सांगितलंय की नाक चोंदतं आणि मी घोरते, म्हणून डॉक्टरकडे जाते. खरं वेगळंच आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी मोठी सर्दी झाली. सर्दी गेली, चोंदणं राहिलं, आणि जाताना ती माझा वास घेऊन गेली. सगळा. साबण, दूध, धूर, काही म्हणजे काही नाही.

दुसऱ्या कुणाचा गेला असता तर एवढं अडलं नसतं. आमची बेकरी आहे. पहाटेची भट्टी मुलगा बघतो, दुपारची माझी. पाव आत गेला की मी भट्टीपासून चार पावलांवर स्टुलावर बसते, आणि वास पक्का झाला की म्हणते, "काढा." तेव्हाच भट्टीवाला लांब दांड्याचं फावडं आत घालतो. घड्याळ भिंतीवर आहे, पण ते आमच्या कामाचं नाही. रोजचं पीठ वेगळं, हवा वेगळी, लाकूड वेगळं. सासूनं तो शब्द मला दिला त्याला चाळीस वर्षं झाली. माझ्याआधी कुणी तो म्हणायचा नाही, असा आमच्याकडे कायदा आहे.

मग दोन वर्षं मी काय करते? सुनेकडे बघते. सून समोरच्या टेबलावर पीठ मळत असते. पाव तयार व्हायला आला की ती मनगटानं कपाळ पुसते. रोज. बिचारीला पत्ताही नाही, पण तिच्या अंगातच काहीतरी घड्याळ असावं. तिनं कपाळ पुसलं की मी दोन श्वास घेते, भुवया उचलते, म्हणते, "काढा." आजवर कुणाला संशय आलेला नाही.

मास्तरीण इथे खोकली. तेही लिही म्हटलं.

५ तारीख, बुधवार

बाटल्या तशाच.

आज बाईंनी माझ्या नाकात दिवा घातला. म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक नळी, टोकाला दिवा आणि दिव्यापाशी डोळा. आधी काहीतरी कडू फवारलं, त्यानं नाक आणि घसा लाकडाचे झाले. मग म्हणाल्या, "आजी, पडद्याकडे बघा. हे तुमचंच नाक."

मी बघितलं.

आत गुहा आहे. गुलाबी, ओली, भिंतींना अशी चमक की कुणी आत्ताच पुसून ठेवल्या असाव्यात. दाराशी थोडी झाडी, मग वळण, मग आणखी आत कमानी. सत्तर वर्षं मी हे तोंडावर घेऊन फिरतेय आणि आज पहिल्यांदा आत गेले. बाहेरून माझं काय झालंय ते आरसा सांगतोच, पण आतून मी इतकी तरुण आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वरच्या बाजूला, दोन्हीकडे, सोललेल्या द्राक्षांसारखे घोस लोंबत होते.

"हे कोंब," बाई म्हणाल्या. "नाकाचं अस्तर सुजून असे लोंबतात. दोन्हीकडे सारखे आहेत, त्यामुळे घाबरण्यासारखं वाटत नाही. तरी स्कॅन करून खात्री करू."

"आणि वास?"

"वास घेणारी जागा त्यांच्या वर आहे. अगदी छताला. एवढीशी." त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. "हवा तिथपर्यंत पोचतच नाही. दारात सामान रचून ठेवल्यासारखं झालंय."

मी घरी येईपर्यंत माझं नख बघत होते. एवढ्याशा जागेनं चाळीस वर्षं भट्टी चालवली. गावभर पाव खाल्ला गेला तो या नखाच्या भरवशावर. आणि मी मान वर करून हिंडत होते, जशी काही सगळी मीच शहाणी.

गोळ्या दिल्यात, सात दिवसांच्याच. त्याआधी साखर आणि रक्तदाब तपासला. शिवाय फवारा आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं.

८ तारीख, शनिवार

लिंबू नाही, लवंग नाही, गुलाब नाही. निलगिरीनं डोळ्यांत पाणी आलं, पण तो वास नव्हे, नुसतं झोंबणं. बाईंनी फरक समजावला होता.

नाक धुण्याचं सांगते. उकळून गार केलेलं पाणी, त्यात मीठ. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, आणि एका नाकपुडीत पाणी सोडायचं. ते दुसरीतून बाहेर येतं! डोक्याच्या आत असा आरपार रस्ता आहे म्हणून सांगितलं असतं तर मी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. मी ओरडले. मुलगा धावत आला, "आई, काय झालं?" म्हटलं, "काही नाही, माझ्यातून नदी गेली."

फवाऱ्याचीही रीत आहे. उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक मधल्या पडद्याकडे नाही, कानाकडे. मास्तरीण रोज उभी राहून तपासते. हिला नोकरी नाही लागली तर तुरुंगात तरी नक्की घेतील, पहारेकरी म्हणून.

१० तारीख, सोमवार

बाटल्या नंतर. आधी हे लिही.

सकाळी जिना उतरत होते. तिसऱ्या पायरीवर पाय थांबले. कशानं थांबले ते कळेना. मग कळलं. खाली पायपुसणं ओलं होतं, आणि ते मला आलं.

ओल्या पायपुसण्याचा वास! कुबट, मातकट, जुन्या पोत्यासारखा. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि तो घाणेरडा वास ओढत राहिले. इतकं सुंदर काही मी उभ्या जन्मात हुंगलं नाही.

मग सगळेच आले, रांग मोडून, एकमेकांना ढकलत. राखेचा. भिजलेल्या पिठाचा. लाकडाच्या सालीचा. मौनीच्या अंगावरच्या घामाचा आणि धुराचा. मौनी म्हणजे आमचा भट्टीवाला. तीस वर्षं आमच्याकडे आहे आणि वर्षाला तीस शब्द बोलतो. मी त्याच्या शर्टाजवळ नाक नेलं तर तो दोन पावलं मागे सरला. मास्तरिणीच्या केसांना पेन्सिलीच्या भुशाचा वास येतो, आणि बोटांना नखं रंगवायच्या औषधाचा, जे तिनं आईला सोडून दिलंय म्हणून सांगितलंय. लिही, लिही. थांबू नकोस.

लिंबू आहे. लवंग आहे. निलगिरी आहे. गुलाबही आहे. पण बाई, तो गुलाब खोटा आहे. बाटलीवाल्यानं तुम्हाला फसवलंय.

मला वाटायचं, वास म्हणजे वस्तूंना लागलेलं काहीतरी. तसं नाही. खोलीत माणूस नसला तरी त्याचा वास त्याच्या जागी बसलेला असतो. दोन वर्षं मी रिकाम्या घरात राहत होते आणि मला ते माहीतही नव्हतं.

११ तारीख, मंगळवार

आज दुपारच्या भट्टीला मी सुनेकडे बघितलं नाही. डोळे मिटून बसले.

पाव भाजताना जे होतं ते सांगते, कारण हे कुठे लिहिलेलं नसेल. आधी ओल्या पिठाचा वास येतो, धुतलेल्या पाटीसारखा. मग तो जातो आणि थोडा वेळ काहीच नसतं, तिथे नवखा माणूस घाबरतो. मग कोमट दूध. मग दुधाखालून काहीतरी भाजल्यासारखं वर येतं, आधी लाजत लाजत, नंतर धीट होत. आणि मग एक क्षण असा येतो की गोड आणि करपट एकमेकांसमोर उभे असतात आणि अजून कुणी पुढे झालेलं नसतं. तोच. त्याच्यापुढे एक श्वास गेला तर पाव कडू.

तो क्षण आला. माझ्या अंगावर काटा आला. मी डोळे उघडले आणि म्हटलं, "काढा."

समोर सुनेचं मनगट कपाळावर होतं.

१३ तारीख, गुरुवार

काल तेच. आज तेच. मी डोळे मिटून वास पकडते, उघडते, आणि तिचा हात कपाळावर असतो. एक श्वास मागे नाही, एक पुढे नाही.

आज तर खिडकी उघडी होती, गार वारा होता. तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

संध्याकाळी मास्तरिणीला म्हटलं, "लिही. सुनेच्या अंगात घड्याळ नाही. तिला नाक आहे. माझ्याइतकं."

पेन थांबलं.

"का थांबलीस?"

"असंच."

"असंच कुणी थांबत नाही. तुला माहीत होतं?"

ती वहीकडे बघत म्हणाली, "आजी, आईनं मला शपथ घातलीय."

"मग शपथेला धक्का न लावता सांग."

तिनं सांगितलं. दोन हिवाळ्यांपूर्वी, सर्दीनंतर, एका दुपारी अख्खी भट्टी काळी झाली होती. मला आठवलं. मी स्टुलावरच बसले होते. धूर दिसला तेव्हा उठले आणि मौनीवर तुटून पडले, की ओलं लाकूड घातलंस, तुला तीस वर्षांत अक्कल आली नाही. तो काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही, म्हणून मला वेगळं काही वाटलं नाही.

लाकूड कोरडं होतं, म्हणे.

त्या दिवशी सुनेनं मौनीला बाजूला नेऊन सांगितलं, "आईंना कळता कामा नये." दुसऱ्या दिवसापासून ती कपाळ पुसायला लागली. माझ्या मुलालाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे या घरात मी एकटीच होते जिला वाटत होतं की कुणालाच माहीत नाही.

आज बाटल्या उघडल्या नाहीत.

१७ तारीख, सोमवार

लवंग थोडी. बाकी गेलं.

गोळ्या बुधवारीच संपल्या. बाईंनी आधीच सांगितलं होतं की गोळ्या कोंब आकसवतात, कायमचे घालवत नाहीत. तरी मला वाटलं होतं, मला अपवाद करतील. शनिवारी राख गेली. काल मास्तरिणीचे केस गेले. आज सकाळी पायपुसणं गेलं.

बाई म्हणाल्या, "आजी, यातून एक चांगलं कळलं. नस जिवंत आहे. रस्ता मोकळा झाला की ती काम करते. आता रस्ता ऑपरेशननं मोकळा करायचा."

स्कॅन दाखवला. नाकाच्या छताचं हाड अंड्याच्या कवचाइतकं पातळ, त्याला बारीक भोकं, भोकांतून नसा खाली उतरलेल्या. वर थेट मेंदू. बाजूला तसंच कवच, पलीकडे डोळा. त्या दोन कवचांच्या मध्ये बाई हात चालवणार, पडद्याकडे बघत. मी विचारलं, "चष्मा घालून ना?" त्या हसल्या. मी हसले नाही.

१९ तारीख, बुधवार

आज मी एक वाईट गोष्ट केली.

दुपारची भट्टी. वास नाही. सुनेनं कपाळ पुसलं. मी गप्प बसले. म्हटलं, बघू ती स्वतः म्हणते का.

तिनं पुन्हा कपाळ पुसलं. मग घसा खाकरला. मग मोठी पातेली उगाच खाली आपटली. मौनी फावडं धरून भट्टीच्या तोंडाशी उभा, कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे. तिचा चेहरा लाल झाला. ओठ उघडले, मिटले. मी भिंतीकडे बघत बसले.

शेवटी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मी म्हटलं, "काढा."

पाव बुडाला काळा होता. तिनं आणि मौनीनं तो खरवडला. तिला नक्की वेळ ठाऊक होती. तोंडात शब्द होता. पण तो माझा आहे म्हणून तिनं पाव जळू दिला, जीभ हलवली नाही.

मी परीक्षा घ्यायला बसले होते तिची. नापास कोण झालं ते मास्तरिणीला लिहायला सांगत नाही.

२६ तारीख, बुधवार

मुलगा म्हणतो, "या वयात कशाला, आई? घरात आम्ही आहोत ना." सून म्हणाली, "त्यांना ठरवू दे." बस्स, एवढंच म्हणाली.

मला भीती वाटते. मरायची नाही, तिची सवय झालीय. भीती ही की ऑपरेशन होईल आणि तरी काही येणार नाही. मग आशाही उरणार नाही. बाई खोटं बोलत नाहीत, म्हणाल्या, "येईलच असं वचन देत नाही. बहुतेक येईल. कधी आठवडे लागतात."

मी निघताना मौनीला म्हटलं, "त्या दिवशी लाकूड कोरडं होतं." त्यानं मान हलवली. या वर्षातले त्याचे शब्द बहुधा संपलेत.

उद्या.

२८ तारीख, शुक्रवार

झालं. नाकात बोळे, तोंडानं श्वास, ओठ कोरडे. मास्तरीण म्हणते माझा आवाज डब्यातून येतो.

बाईंनी सकाळी सांगितलं की द्राक्षं सगळी काढली, कवचं दोन्ही शाबूत. माझ्या डोळ्याच्या आणि मेंदूच्या मधून ही पोरगी दोन तास चालत गेली आणि कुणाला धक्का न लावता परत आली. मी तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बघत होते. साधाच हात आहे. नखं कापलेली.

पुढच्या महिन्याची ३, गुरुवार

बोळे काढले. बेकरीत तीन आठवडे जायचं नाही. पिठाची धूळ आणि भट्टीची धग, दोन्हीला बंदी. म्हणून लेकीकडे येऊन राहिलेय, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मास्तरीण संध्याकाळी वही घेऊन येते.

चारही बाटल्या पाणी.

१० तारीख, गुरुवार

पाणी.

मी विचारलं, "दुपारी शब्द कोण म्हणतं गं?"

"कुणी नाही," मास्तरीण म्हणाली. "आई कपाळ पुसते, मौनीकाका काढतात."

"मी तिथे नसताना?"

"हो. तुझं स्टूलही कुणी हलवत नाही."

रिकाम्या स्टुलाला दाखवायला ती कपाळ पुसते.

१५ तारीख, मंगळवार

लिंबू नाही. गुलाब नाही. निलगिरी झोंबते.

लवंगेची बाटली धरली, वीस मोजले. काही नाही. झाकण लावायला गेले आणि एकविसाव्याला आतून, वरून, छतावरून काहीतरी खाली उतरलं. वास म्हणण्याइतकं नव्हतं. लांबच्या खोलीत कुणी दार उघडावं आणि उजेडाची पट्टी यावी, तेवढं. मी हललेच नाही. हलले तर जाईल असं वाटलं. लेक म्हणाली, "आई, रडतेस का?" म्हटलं, "गप्प बस, मी मोजतेय."

संध्याकाळी पुन्हा धरली. पुन्हा आलं. लवंगच आहे. नखाएवढ्या जागेनं मला ओळखलं.

१६ तारीख, बुधवार

लवंग आहे. लिंबू आहेसं वाटतं.

मास्तरीण, आजचं पान फाड आणि तुझ्या आईला वाचून दाखव. मोठ्यानं, मौनीसमोर.

सूनबाई, मला सगळं माहीत आहे. कधीपासून ते विचारू नकोस, माझी लाज थोडी शिल्लक राहू दे. एकोणीस तारखेला पाव मी मुद्दाम जाळला. तो तुझ्या गप्प बसण्यानं जळला नाही, माझ्या गप्प बसण्यानं जळला. माझं नाक आलं तर आलं, पुरतं नाही आलं तरी चालेल. शब्द सासूनं मला दिला तेव्हा तिचं नाक शाबूत होतं. तिला द्यावासा वाटला म्हणून दिला. मलाही वाटतो.

उद्या दुपारच्या भट्टीला तू कपाळ पुसायचं नाहीस. हात पिठातच ठेव आणि तोंडानं म्हण. मौनी तोवर फावडं उचलणार नाही, त्याला माझं सांगणं आहे. पुटपुटलीस तर मास्तरीण मला सांगेल.

आणि त्या घाण्यातला एक पाव मला पाठव. मागच्या डाव्या कोपऱ्यातला, जिथे धग जास्त असते. तिथला बरोबर असला तर सगळे बरोबर. प्लास्टिकमध्ये घालू नकोस, कागदात गुंडाळ. कापू नकोस, मी हातानं मोडेन. लोणी वेगळं दे, आणि थोडं जास्तच दे, कारण वास नाही आला तरी तो मी खाणार आहे.